जन्मस्थळ : वायंगणी

आमच्या वर्गाचा पहिला तास उभ्याने होतो. मी सगळ्यांना उभं करते आणि प्रश्न विचारत जाते. उत्तर येत नसेल त्याने खाली बसायचं, एवढाच नियम. वडिलांचं नाव? सगळे उभे. आजोबांचं? उभे. पणजोबांचं? दोन-चार खुर्च्या वाजतात. आजीचं माहेरचं नाव आणि गाव? निम्मा हॉल बसतो. पणजीच्या माहेराला पोचेपर्यंत मी एकटीच उभी असते आणि समोरची माणसं एकमेकांकडे बघून ओशाळं हसत असतात. जेमतेम पाच मिनिटं लागतात. तोवर आपलं घराणं किती मोठं हे मला सांगायला आलेली माणसं वही उघडून बसलेली असतात.

तीन वर्षांपूर्वीच्या एका वर्गात मी सोपी सुरुवात करावी म्हणून विचारलं, "आईचं माहेरचं नाव?" चाळीसेक माणसं होती. या प्रश्नाला कुणी बसलेलं मी तोवर पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिसऱ्या रांगेतली पंचाहत्तरीची एक बाई हातातली पिशवी सावरत शांतपणे खाली बसली.

तिचीच हकिगत सांगणार आहे, पण आधी हा वर्ग काय आहे ते सांगायला हवं. मी तालुक्याच्या कचेरीत अभिलेख कक्षात एकतीस वर्षं होते. अभिलेख कक्ष म्हणजे जुन्या कागदांची खोली. लाल रुमालात बांधलेली दप्तरं, वाळवीची पावडर, आणि खिडकीच्या काचेवर समुद्राच्या हवेने धरलेला मिठाचा थर. तिथल्या एका जुन्या कारकुनाने मला मोडी शिकवली. मोडी म्हणजे लेखणी न उचलता लिहायची आपली जुनी लिपी. एकदा डोळ्यात बसली की माणूस समोर बसून बोलतोय असं वाटतं. निवृत्त झाल्यावर वाटलं, सुटले. पण लोक घरी यायला लागले. कुणी ट्रंक घेऊन, कुणी मोबाइलमध्ये फोटो काढून. "बाई, ह्या काय लिवलाहा बघा." शेवटी मालवणातल्या आमच्या वाचनालयाचे ग्रंथपाल म्हणाले, "रोज एकेकाला सांगण्यापेक्षा एकदाच सगळ्यांना सांगा ना." पहिल्या व्याख्यानाला त्यांनी पंधरा खुर्च्या मांडल्या होत्या. मागून शेजारच्या शाळेतले बाक उचलून आणावे लागले! तेव्हापासून महिन्यातल्या एका रविवारी वर्ग भरतो. आचऱ्यापासून खारेपाटणापर्यंतची माणसं येतात, मे महिन्यात मुंबईकरही.

शिकवायचं ते फार अवघड नाही. आधी माणसं, मग कागद. घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे वही घेऊन बसा, कारण कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत. मग शाळेचं रजिस्टर, गावचं जन्म-मृत्यूचं पुस्तक, आणि जमिनीचे फेरफार. फेरफार म्हणजे जमिनीचा धनी बदलला की तलाठी करतो ती नोंद. माणूस मेला की त्याचे वारस कोण ते तिथे लिहिलेलं असतं. आणि सगळ्यांत महत्त्वाचं, एका कागदावर विश्वास टाकायचा नाही. दुसरा कागद पहिल्याला दुजोरा देईपर्यंत नाव पेनाने लिहायचं नाही, पेन्सिलीने लिहायचं. हा नियम मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिते. तो कुणी मोडला ते पुढे येईलच.

गिऱ्हाइकं एकेक नामी भेटतात. खारेपाटणचे मधुकर गावडे लाल गाडीवर तीस वर्षं कंडक्टर होते. जिल्ह्यातला एकही थांबा त्यांना विचारावा लागत नाही. त्यांच्या घरी दर दसऱ्याला एका गुंडाळलेल्या कागदाची हळद-कुंकू वाहून पूजा व्हायची. पणजोबांचे पणजोबा विजयदुर्गावर किल्लेदार होते आणि ही त्यांची सनद, असं पिढ्यान्पिढ्या सांगत आलेले. गावड्यांनी तो कागद वर्गासमोर माझ्या हातात दिला. मी कुंकू झटकलं आणि वाचलं. ती किल्ल्यावर पाणी वाहणाऱ्या माणसांची यादी होती. चौथं नाव त्यांच्या पूर्वजाचं. गावडे दोन मिनिटं खाली मान घालून बसले. मग उठून म्हणाले, "बरा तर! पण बाई, किल्लेदार पाणी कोणाच्या हातचा पियत होतो?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवसापासून हा माणूस माझा सर्वांत पक्का विद्यार्थी झाला.

आता त्या पंचाहत्तरीच्या बाई. सुलोचना परब त्यांचं नाव, मी त्यांना काकी म्हणायला लागले. विजयदुर्गाजवळच्या एका गावात भात आणि काजू करणारं घर. माहेर परबांचं आणि सासरही त्याच गावातल्या परबांचं, त्यामुळे जन्मभर एकाच गावात. वर्ग सुटल्यावर मी त्यांच्याजवळ जाऊन बसले.

"माका म्हायत नाय, बाय," त्या म्हणाल्या. "मी दीड वर्साचा आसताना आवस गेली. बापाशीन दुसरा लगीन केल्यान. सावत्र आवशीन माका फुलासारख्या वाढवल्यान, म्हणान मी कधी इचारूकच नाय. तिका वायट वाटला आसता. आता ती पण नाय, बापूस पण नाय. इचारतलंय कोणाक?"

"आईचं नाव तरी?"

"लक्ष्मी. पण ता लग्नातला नाव. आधीचा काय, देवाक ठावक."

आईच्या माहेराकडून कधी कुणी आलं नव्हतं. काहीतरी भांडण झालं होतं, एवढंच काकींना ठाऊक. फोटो नाही, वस्तू नाही.

पुढच्या महिन्याच्या वर्गात मी हा प्रश्नच सगळ्यांना घातला. या बाईंची आई कुठल्या गावची, हे कुठल्या कागदाला माहीत असेल? लोक तुटून पडले! कुणी म्हणालं लग्नपत्रिका, कुणी म्हणालं देवळातली पावती. काकींच्या गावच्या जन्माच्या पुस्तकात त्यांची नोंद नव्हती, ते मी आधीच पाहून आले होते. मग मागच्या बाकावरून एक शिक्षिका म्हणाली, "शाळेच्या रजिस्टरात जन्मस्थळाचा रकाना असतो."

दुसऱ्याच दिवशी मी, काकी आणि गावडे त्यांच्या गावच्या शाळेत. मुख्याध्यापकांनी कपाटातून जुनं रजिस्टर काढून पुसून दिलं. सुलोचना गोविंद परब. जन्मतारीख एक जून. ही तारीख बघून आम्ही तिघंही हसलो, कारण आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांपैकी कितीतरी जण एक जूनला जन्मली आहेत. ज्याची तारीख ठाऊक नाही त्याला मास्तर ती देऊन टाकायचे. पण पुढचा रकाना मास्तरांनी मनाने भरलेला नव्हता. जन्मस्थळ : वायंगणी.

काकी बघतच राहिल्या. "म्हणजे माझो जन्म आमच्या घरात नाय झालो?"

आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पहिलटकरीण बाळंतपणाला माहेरी जाते. आपल्याकडची किती साधी रीत! पहिलं मूल आईच्या गावात जन्मतं, म्हणून त्याची नोंद आईच्या गावच्या पुस्तकात असते, बापाच्या नाही.

एवढा आनंद झाला तरी मला त्या क्षणी एक गोष्ट टोचली. नोकरीत असताना जन्माचा दाखला मागायला माणसं यायची. मी त्यांनी सांगितलेल्या गावचं पुस्तक उघडायची, नाव नसलं की "नोंद आढळून येत नाही" असं लिहून सही करायची. अशा किती सह्या केल्या! त्यांतल्या किती जणांना "तुमच्या आईचं गाव कुठलं?" एवढं विचारलं असतं तर शेजारच्या रुमालात नोंद मिळाली असती, कोण जाणे. तेव्हा कुणी मला चूक म्हटलं नाही. काम नियमानेच झालं होतं. आज मात्र ते आठवलं की जेवण गोड लागत नाही.

कदाचित म्हणूनच मी घाई केली. आचऱ्याजवळच्या वायंगणीत माझ्या ओळखीचे लोक होते. फोन केला. दोन दिवसांत उत्तर आलं की इथल्या एका घरातली मुलगी पूर्वी विजयदुर्गाकडे दिली होती आणि ती तरुणपणीच गेली. बस्स! गावड्यांनाही न सांगता मी काकींना घेऊन थेट तिथे. त्या मुलीचा म्हातारा भाऊ, आबा, अंगणात आला. काकींनी वाकून नमस्कार केला. आबांनी त्यांना जवळ घेतलं, दोघं रडली, मीही रडले. घरच्यांनी ओटी भरून पातळ दिलं. येताना काकी गाडीत पिशवीवर हात ठेवून बसल्या होत्या, त्या हाताकडे बघून मला वाटलं, एकतीस वर्षांची नोकरी आज फळाला आली.

पुढच्या वर्गात मी ही कथा रंगवून सांगितली. हॉल खूश. तेवढ्यात गावड्यांचा हात वर.

"बाई, वायंगणी दोन आसत."

"काय?"

"एक आचऱ्याकडली, एक वेंगुर्ल्याकडली. माझ्या गाडीत माणूस नुसता 'वायंगणी' म्हणालो तर मी तिकीट देय नाय होतंय. आधी इचारी होतंय, खंयची? तुमी इचारलात?"

मी हातातला खडू खाली ठेवला.

"आणि दुसरो कागद खंय आसा?" ते फळ्याकडे बोट दाखवून म्हणाले. त्यांच्या आवाजात टोचणी नव्हती, मी शिकवलेलंच ते मला म्हणून दाखवत होते. पण चाळीस माणसांसमोर माझे कान तापले.

कागद पाहिले. आबांची बहीण वारली तेव्हा काकी शाळेत तिसरीत होत्या. आई ती नव्हेच.

हे काकींना सांगायला मी त्यांच्या घरी गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, त्याने मला अधिकच लागलं. मग म्हणाल्या, "मगे ह्या पातळ परत करूचा लागतला?"

दुसऱ्या दिवशी मी एकटी आबांकडे गेले आणि माफी मागितली. आबा म्हणाले, "राग कित्याक येतलो? माझ्या बहिणीचा नाव ह्या घरात कोण घेय नाय होता. तुमच्यामुळे चार दिस घेतला गेला. पातळ तिकाच रवांदे." या माणसाचे उपकार मी विसरणार नाही.

आता वेंगुर्ल्याकडची वायंगणी. जन्माचं जुनं पुस्तक मोडीत होतं, आणि एक जून ही तारीख खोटी, म्हणून अख्खं वर्ष पानापानाने बघायचं. काकी माझ्या एका बाजूला, गावडे दुसऱ्या. जून नाही. मे नाही. मी उलटी मागे जात राहिले. थंडीच्या महिन्यांत पोचले आणि बोट थांबलं. मुलगी. बाप गोविंद परब, आणि पुढे काकींच्या गावाचं नाव. खबर देणाराच्या रकान्यात : सासरा, बाबी सावंत.

"सासरा!" मी ओरडलेच. "काकी, तुमच्या बाबांचे सासरे. म्हणजे तुमचे आजोबा. आजोबांनी स्वतः जाऊन तुमचा जन्म नोंदवलाय!"

गावडे म्हणाले, "दुसरो कागद, बाई."

आता मला सांगावं लागलं नाही. वारसा कायद्याने मुलींना वडिलांच्या जमिनीत वाटा आला, तेव्हापासून बापाच्या वारसांत मुलींची नावं लागू लागली. मुलगी आधीच वारली असेल तर तिच्या मुलांची. बाबी सावंतांच्या मरणानंतरचा फेरफार मिळाला तर सगळं उघड होणार होतं. तलाठी कार्यालयातली तरुण मुलगी मनापासून मदतीला लागली. तासाभराने तिने एक पान माझ्यापुढे ठेवलं. हे बाळबोधात, म्हणजे नेहमीच्या देवनागरीत, स्वच्छ अक्षरात. मी वरून खाली नजर फिरवली, हवं ते नाव सापडलं. पण मोठ्याने वाचलं नाही. कागद काकींच्या पुढे सरकवला. त्या चौथी शिकलेल्या.

त्यांनी बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. मुलगा अमुक, मुलगा तमुक. मग, "म-यत मु-लगी स-त्य-भा-मा." बोट थांबलं. "ह्या कोण?"

"पुढे वाचा, काकी."

"हिची मुलगी सु-लो-च-ना गो-विंद प-रब. वय नऊ. अ-ज्ञान." कागदाच्या भाषेत अज्ञान म्हणजे वयाने लहान.

मग त्यांनी पुन्हा वाचलं, या वेळी न अडखळता. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा तलाठी मुलगी डोळे पुसत होती आणि गावडे खिडकीबाहेर बघत नाक शिंकरत होते. मी सांगितलं, तुमच्या आईचं नाव सत्यभामा. आणि तुम्ही नऊ वर्षांच्या असताना, तुम्हांला त्यांची नावंही ठाऊक नव्हती तेव्हा, त्या घराने तुम्हांला आपल्यात धरलं होतं.

घर गाठणं राहिलं. तेच सगळ्यांत कठीण असतं. आमच्या भागात अनोळखी माणूस जुने कागद घेऊन दारात आला की तो जमिनीत हिस्सा मागायला आला, असंच घर धरून चालतं. वर्गात मी यावर अख्खा एक तास घेते. सावंतांच्या अंगणात काजूची बी वाळत होती. काकींच्या मामाचा मुलगा वसंत, साठीचा माणूस, माझ्या हातातली फाइल बघून ओट्याच्या पायरीवरच उभा राहिला.

"हिस्सो मागूक इलात? सरळ सांगा."

मी तोंड उघडलं, पण काकी पुढे झाल्या. "माका जमीन नको. माझी माका पुरे आसा. माजे आवशीक ह्या घरात काय म्हणान हाक मारीत, तेवढा सांगा. मी जातंय."

वसंतने आमच्याकडे आळीपाळीने पाहिलं. आत पडवीतून म्हातारा आवाज आला, "वसंता, कोण इला?"

"कोणतरी सत्यभामा म्हणान इचारतत, बाबा."

आत काहीतरी पडल्याचा आवाज झाला. मग, "सतूचा चेडू? तेका हय हाड. हय हाड आधी!" सतूच्या लेकीला आधी आत आण, असं ते सांगत होते.

पडवीत खाटेवर चौऱ्याऐंशी वर्षांचे मामा बसले होते. त्यांना नीट दिसत नव्हतं. काकी खाटेशी खाली बसल्या. मामांनी त्यांचा हात दोन्ही हातांत घेतला.

"आमी तिका सतू म्हणत होतंव," ते म्हणाले. "तुझो पाळणो मी हलवलंय. तिका गाणा येय नाय होता. म्हणान ती तुका पाढे म्हणान निजवी. बे एके बे, बे दुणे चार. बेचो पाढो संपाच्या आधी तू निजस."

काकी हसायला लागल्या, आणि हसता हसता पदर तोंडाला लावून रडल्या. पंचाहत्तर वर्षांत आईची पहिली गोष्ट त्यांना मिळाली होती.

मामांनी मग सगळं सांगितलं. सतू गेल्यावर आजोबांना नात स्वतःकडे ठेवायची होती, बापाने दिली नाही. शब्द वाढले आणि येणं-जाणं तुटलं. आजोबा वारले तेव्हा तलाठ्यासमोर पंच म्हणाले, मेलेल्या मुलीची पोर कशाला लिहिता, उद्या कटकट होईल. "तेवा माझी आवस दारात येवन उभी रवली. कधी चार माणसांत बोलूक नाय ती. म्हणाली, माजी लेक मेली, तेचा चेडू मेला नाय. नाव घाला."

काकी डोळे पुसून म्हणाल्या, "मामा, माका काय नको. खंय सही करूची ती सांगा. माजा नाव काढून टाका, म्हणजे वसंताक घोर नको."

मामांनी मान हलवली. "नाव काढूचा नाय. ता माझे आवशीन घातलला आसा."

वसंत दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होता. तो आत गेला आणि खुर्च्या घेऊन बाहेर आला. काकींसमोर खुर्ची ठेवून म्हणाला, "बाय, वर बस. जेवल्याशिवाय कोणाक जावक देवचंय नाय."

त्या दिवशी उकड्या तांदळाचा भात आणि बांगड्याचं तिखलं मी तीन वेळा वाढून घेतलं. गावड्यांनी किती वेळा घेतलं ते सांगत नाही.

परतीच्या गाडीत काकी खिडकीशी बसल्या होत्या. बराच वेळ त्या स्वतःशीच काहीतरी पुटपुटत होत्या. मी कान दिला. आईचं नाव म्हणत होत्या. एकदा सावकाश, एकदा भरभर, एकदा हाक मारल्यासारखं. मग माझ्याकडे वळून, शाळेत पहिला नंबर आल्यासारख्या चेहऱ्याने त्या म्हणाल्या, "बाय, माजे आवशीचा नाव केवढा मोठा हा गो!"